तिसऱ्या फेरीच्या बाटल्या

“त्या बाईच्या तिसऱ्या फेरीच्या बाटल्या सरळ वगळून टाका. गेली बिचारी, आता विचारणार कुणाला?”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. हिंगोलीतल्या आमच्या संशोधन संस्थेच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, अर्धवट लोटलेल्या दाराआड सर फोनवर बोलत होते आणि मी सह्यांची फाइल घेऊन बाहेर उभी होते. ‘ती बाई’ म्हणजे गयाताई, आखाडा बाळापूरजवळच्या एका गावातल्या आशा कार्यकर्त्या. त्यांना जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण सर पुढे म्हणाले, “अहो, घरीच भरल्या असतील. फिल्डला चालतं असं. एका बाटलीसाठी उन्हातान्हात दारोदार कोण हिंडतंय?” मी आत गेले, फाइल टेबलावर ठेवली, “सर, सह्या,” एवढंच म्हटलं आणि बाहेर आले. त्या बाटल्यांचे आकडे का जुळत नव्हते हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं. ते न सांगता मी जागेवर येऊन बसले आणि समोरचा कागद उगाच वाचत राहिले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पाण्यातून, धान्यातून आर्सेनिक हे विषारी द्रव्य थोडं थोडं सगळ्यांच्याच पोटात जातं. गरोदर बाईचं शरीर त्याचं काय करतं, आणि सेलेनियम नावाचं दुसरं एक द्रव्य, जे शरीराला थोडंसं लागतंच, ते या कामात हातभार लावतं का, हे आम्हाला पाहायचं होतं. इथल्या पाण्यात आर्सेनिक फार आहे असं कुणाचं म्हणणं नव्हतं. जिथे ते थोडंच असतं तिथे शरीर कसं वागतं, हाच प्रश्न होता. त्यासाठी प्रत्येक बाईकडून तीनदा लघवीचा नमुना घ्यायचा, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या महिन्यात. शिवाय पायाच्या बोटांची नखं, कारण सेलेनियमचा कित्येक महिन्यांचा माग नखांत राहतो. नमुने गोळा करायचे आशाताईंनी, नोंदी करायच्या मी.

मी हिंगोलीचीच, पण शाळा इंग्रजी आणि कॉलेज पुण्याचं. त्यात स्वभाव असा, की कुणाशी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरची बाई उठून चुलीपाशी गेलेली असायची. पहिल्याच घरात माझी गाडी नखांवर अडली. सून तयार होती, पण सासू दारात येऊन उभी राहिली. “नखं? नखं काहून पायजेत गं तुला? पोटुशा बाईची नखं अन् केस भाईर देत असतेत का कुठं?” मी संमतीपत्र काढलं आणि त्यावरचा मजकूर वाचायला लागले. सासूचा चेहरा आणखी कडक झाला. गयाताई तोवर ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, माझ्या हातातलं नेलकटर घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्याचं नख कापून माझ्यापुढे धरलं.

“हे घ्या म्याडम, पयले माझं घ्या. करनी करायची आसंल तर माझ्यावर करून बघा. ह्या गावानं अन् माझ्या नवऱ्यानं मिळून माझं काई वाकडं केलं न्हाई, तुमच्याच्यानं काय हुतंय?”

सासू हसली. सुनेनं पाय पुढे केला. त्यानंतर प्रत्येक घरात ताईंनी तेच केलं. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत त्यांच्या बोटांना कापण्याजोगं नखच उरलं नव्हतं, मग त्या नुसता कटकट आवाज करायच्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी बोललं नाही.

बाटल्यांचा खोका घेऊन आम्ही हिंडायला लागलो तसं गावात त्यांना ‘मूतवाली’ नाव पडलं. पारावर बसलेल्यांतला एक जण दर खेपेला ओरडायचा, “काय गयाबाई, आज काय भाव फुटला मुताचा?” ताई चालता चालता, मान न वळवता म्हणायच्या, “तुह्या बायकोच्याला भाव हाय रे. तुह्यं तर फुकट बी कोनी इचारंना.” पार हसायचा, तो माणूसही हसायचा. मी मात्र पाच घरं ओलांडेपर्यंत मान वर करत नसे. “तुमाला कशाची लाज वाटून राहिली?” त्यांनी एकदा विचारलं. मी खोका या हातातून त्या हातात घेतला. “आसूं द्या. लाजनारा मानूस खोटं कमी बोलतो,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की मला ते कौतुक वाटलं…

त्यांची विचारायची पद्धत मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नव्हती. नमुन्याआधी तीन दिवस मासे खाल्लेले चालत नाहीत. माशांतलं आर्सेनिक वेगळ्या जातीचं असतं, ते शरीराला फारसा त्रास देत नाही, पण आमचे आकडे मात्र फुगवतं. मी विचारायची, “तीन दिवसांत मासे खाल्ले का?” सगळ्या जणी सांगायच्या, नाही. ताई विचारायच्या, “या बाजारी सुकट न्हाई आनलं गं? परवडंना का?” त्यावर बाई फणकारायची, “आनलं की! कालच तर कालवन केलतं.” ताई माझ्याकडे बघून म्हणायच्या, “लिव्हा. चार दिवसांनी येऊ.” त्या स्वतः लिहीत नसत. वाचता-लिहिता चांगलं यायचं, पण आधीच सतरा रजिस्टरं त्यांच्या पिशवीत होती. “हे एक तुमच्याकडं राहू द्या,” त्या म्हणाल्या होत्या, “तुमचं अक्षर बी चांगलं हाय.”

एका दुपारी उपकेंद्राच्या व्हरांड्यात भाकरी खाताना त्यांनी मला गाठलं. तोवर ‘म्याडम’ गळून पडलं होतं आणि मी ‘तू’ झाले होते. “बाया इचारतेत गं, आर्सेनिक म्हंजे काय अन् ते मुतात काहून शोधून राहिले. मी काय सांगू? मला तरी नीट सांग.” मी सांगायला लागले. आर्सेनिक पोटात गेलं, की यकृत त्याला अणूंचा एक लहानसा गट जोडतं, मग आणखी एक. एकच जोडलेलं रूप जास्त त्रासाचं असतं, दोन जोडले की ते लघवीतून सहज निघून जातं. निम्मं इंग्रजीत सांगून मी थांबले. ताईंनी लोणच्याची फोड चघळत थोडा विचार केला.

“म्हंजे नको असल्याला पाव्हन्याला टोपी घातल्यावानी,” त्या म्हणाल्या. “हाकलता तर येत न्हाई. मंग टोपी घालायची. एकच घातली तर गडी फुगतो अन् आनखीन ठान मांडून बसतो. दुसरी घातली की समजतो, आता उठायला पायजे.”

दोन वर्षं शिकलेलं प्रकरण असं कुणी टोपीत बसवलेलं मी ऐकलं नव्हतं.

“अन् पोटुशा बाईचं?”

“तिच्या अंगात दुसरी टोपी जास्त घातली जाते, असं बाकी ठिकाणी दिसलंय. महिने भरत जातात तसं अजून जास्त.”

“व्हनारच की. घरात लेकरू येनार म्हनल्यावर पाव्हने लौकर वाटंला लावावं लागतेत.”

सेलेनियमचंही मी सांगितलं. ते आर्सेनिकला धरून पित्ताच्या वाटेनं बाहेर न्यायला मदत करतं. पण गरोदरपणात आईच्या रक्तातलं सेलेनियम उतरत जातं, कारण रक्त वाढतं, पातळ होतं, आणि बाळही आपला वाटा घेतं. यावर त्यांनी विनोद केला नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, “व्हय. सगळं लेकरूच न्हेतं.” त्यानंतर त्या प्रत्येक घरात टोपीची गोष्ट सांगायच्या, आणि बाया डोक्यावरचा पदर तोंडाला लावून हसत हसत बाटली घेऊन आत जायच्या.

मग तिसरी फेरी आली, आणि पहिलटकरणी एकेक करून गावातून नाहीशा व्हायला लागल्या. आमच्याकडे हे कुणी ठरवत नाही. सातवा लागला, की बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो आणि पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. आमचा फॉर्म दूरच्या शहरात तयार झाला होता. त्यात बाईचं गाव एकच होतं, पाणीही एकच. फॉर्म करणाऱ्यांनी माहेरचा विचार केला नव्हता, आणि मीही केला नव्हता. नियमाप्रमाणे अशी बाई ‘अनुपलब्ध’ लिहून सोडून द्यायची. ताईंना ते पटेना. “मंग पयल्या दोन बाटल्या काय वाया घालवायच्या? तिनं इश्वासानं दिल्यात.” आणि त्या निघाल्या. कधी एसटीनं, कधी काळीपिवळीत दाटीवाटीनं, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन. कुणीही सांगितलेलं नसताना त्या माहेरच्या गावांना गेल्या आणि आठव्या महिन्याच्या बाटल्या घेऊन आल्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर कनेरगाव नाक्याच्या बाजूला गेले होते, सोनालीच्या माहेरी. सोनाली ताईंच्या गावची पहिलटकरीण. आम्हाला बघून तिची आई गडबडली, जावईबापूंकडून काही निरोप आला की काय म्हणून. ताईंनी आधी तिला हसवलं, मग माठातलं पाणी मागून घेतलं आणि तोंडात घोळवलं. “हे बोरचं न्हाई.” आई म्हणाली, “आडाचं हाय. बोर हाय पर त्याचं पानी खारं, धुन्याला घेतो.” ताई माझ्याकडे वळल्या. “लिही गं. सासरी बोरचं पेत होती, इथं येऊन दीड म्हैना झाला, आडाचं पेती. पानी बदललं म्हनल्यावर बाटलीत बी बदल व्हनार. टोपी घालायला पाव्हनाच दुसरा आला ना.” मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नोंद करायला बसले, तर पाण्याच्या रकान्यात सासरचं बोअर आधीच भरलेलं होतं. ते बदलायचं तर मुख्य ऑफिसला फोन करून तो रकाना उघडून घ्यायचा, कारण सांगायचं, कदाचित पाण्याचा नवा नमुनाही मागवायचा. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं, की माझ्या तळहातांना घाम येतो. हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त तसं होतं. रकान्याच्या खाली एक चौकोन होता, ‘मागीलप्रमाणे’. मी त्यावर खूण केली. मनात म्हटलं, नंतर करू. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पहिलटकरणीची बाटली आली. आता फोन केला असता, तर आधीचं का नाही केलं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून पुन्हा तीच खूण. ताई दर वेळी बाटली हातात देताना सांगायच्या, हिचं माहेर अमुक, तिथं नळाचं पाणी, हिच्याकडे टँकर येतो… मी दर वेळी ‘हो ताई’ म्हणायची. एका बाजूला त्या बोलत राहिल्या, दुसऱ्या बाजूला मी खुणा करत राहिले.

आमची शेवटची भेट वारंगा फाट्यावर झाली. एप्रिलची दुपार. ताई नांदेडच्या बाजूच्या एका माहेराहून शेवटच्या दोन बाटल्या घेऊन आल्या होत्या आणि रसवंतीवर बसून डब्यात बर्फ भरून घेत होत्या. रसवंतीवाल्यानं विचारलं, “मावशी, काय जपून राहिल्या एवढं त्यात?” “पिऊन बघतो का?” ताई म्हणाल्या. पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. चपला काढून पाय बाकाखालच्या ओल्या जमिनीवर ठेवले आणि बराच वेळ तसेच राहू दिले.

“पाय न्हाईत गं राह्यले माझे.”

“घरी जाऊन झोपा ताई आज.”

“झोपते की. उद्या सर्वे हाय, परवा लेकरांचे डोस हायेत… त्याच्यामागून झोपते.” मग डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या, “निकाल कवा येतो गं? बाया इचारून राहिल्या. मी एकेकीला जबान दिली हाय, तुह्या पान्याचं अन् तुह्या अंगाचं काय निघालं ते घरी येऊन सांगंन म्हनून.”

“येईल ताई. महिन्याभरात.”

“तू बराबर लिव्हलंस ना सगळं? माहेरचं पानी?”

मी हो म्हटलं.

आठ दिवसांनी दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. गॅस असेल म्हणून त्या तासभर घरीच पडून राहिल्या. दुसऱ्या बाईनं असं केलं असतं, तर हाताला धरून त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं असतं. मग गावातल्या एका जीपमधून नांदेडला न्यायला निघाले. वारंगा फाटा ओलांडला आणि ताई गेल्या. वय शेहेचाळीस. मला हे आमच्या कामाच्या ग्रुपवर कळलं. त्यांचा फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्या हातांच्या मधोमध कुणीतरी आठवण करून दिली होती, मासिक अहवाल आजच पाठवावा. मी हात जोडलेली खूण पाठवली आणि अहवालही पाठवला.

मग निकाल आला. ताईंच्या गावातले पहिले दोन नमुने पाण्याशी नीट जुळत होते. तिसऱ्या फेरीत काही बायांचं आर्सेनिक एकदम उतरलेलं, काहींचं चढलेलं, पाण्याशी काही संबंध नसल्यासारखं. शरीराच्या हिशेबानं त्याचा अर्थ लागत नव्हता, म्हणून तो ताईंच्या माथी लावला गेला. त्याच दिवशी मी दाराबाहेर ते वाक्य ऐकलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला गेले. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या गेल्या, पांढऱ्या साड्यांतल्या बाया ओळीनं बसल्या होत्या. त्यातल्या कितीजणींच्या मांडीवर ती बाळं होती, जी आमच्या कागदांत नुसते आठवडे होती. ताईंचे मिस्टर बाळापूरच्या मोंढ्यात हमाली करतात. मला कोपऱ्यात बघून ते स्वतः उठून आले. “तुमीच ना त्या, हिंगोलीच्या? लई नाव काढायची ती तुमचं. म्हनायची, पोरगी बोलत न्हाई, पर लिव्हती बराबर.” मी खाली बघितलं. काय बोलावं ते जुळवायला लागले आणि ते जुळलं नाही. तेवढ्यात माहेराहून मुद्दाम आलेली सोनाली शेजारी येऊन बसली, मांडीवर महिन्याभराचं बाळ. “ताई, गयामावशी माझं सांगनार होती. पान्याचं. काय निघालं?” मी म्हटलं, यायचंय अजून. ती म्हणाली, “बरं,” आणि बाळाच्या अंगावरची माशी हाकलत बसली. तिला माझं खरं वाटलं होतं.

परतताना एसटीत मी हिशेब मांडत होते. बाटल्या वगळल्या, तर सोनालीला आणि बाकीच्या सगळ्या पहिलटकरणींना कधीच काही कळणार नाही. ताईंनी दिलेली जबान जाईल, आणि संस्थेच्या कागदांत एवढंच उरेल, की तिथली आशा नमुने घरी भरायची. माझ्याजवळ दाखवायला एकही पुरावा नव्हता. ताई लिहीत नव्हत्या. कागदावर सगळीकडे ‘मागीलप्रमाणे’ होतं, आणि त्याखाली नाव माझं होतं. मी बोलले, तर हे काम जाणार होतं, पुढचं शिफारसपत्रही. मी बोलले नाही, तर काहीच होणार नव्हतं. तेच जास्त जड वाटत होतं. खरं सांगायचं तर तेव्हा मी फक्त थकले होते. गप्प राहण्यातही इतके श्रम असतात हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी बैठक होती. आम्ही सहा जण, समोर पडद्यावर मुख्य ऑफिसची माणसं. सर वाईट माणूस नाहीत. ताईंबद्दल बोलताना त्यांनी आवाज खाली केला, दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, आम्ही राहिलो. मग सगळे बसले आणि त्यांनी पुढची स्लाइड पडद्यावर आणली. तीत ताईंच्या गावाची तिसरी फेरी लाल रंगात होती आणि शेजारी शेरा होता, नमुने संशयास्पद, वगळावेत. “यावर कुणाला काही म्हणायचंय?” सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढची स्लाइड लावायला हात उचलला. त्या खोलीत आजवर मी ‘हो सर’पलीकडे काही बोललेले नव्हते. वाक्य जुळवायला वेळ नव्हता. मी उभी राहिले, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सर, त्या बाटल्या वगळू नका. त्या घरी भरलेल्या नाहीत. त्या बाया माहेरी गेल्या होत्या, तिथलं पाणी वेगळं होतं, आणि गयाताईंनी मला प्रत्येकीचं, दर वेळी सांगितलं होतं. मागीलप्रमाणे मी लिहिलं.”